मातृभाषेच्या रकान्यात काय लिहायचे?

केंद्र सरकारने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. २०२५ च्या उन्हाळ्यात पहिलीपासून हिंदी शिकवण्याच्या प्रश्नावरून महाराष्ट्र तापला आणि २९ जून २०२५ रोजी सरकारला आपले दोन्ही शासन निर्णय मागे घ्यावे लागले. पुढे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या ९९ व्या अधिवेशनाचा मान साताऱ्याला मिळाला. या सगळ्या काळात 'मातृभाषा' हा शब्द किती वेळा उच्चारला गेला याची गणती नाही. मुलाचे पहिले शिक्षण त्याच्या मायबोलीतून व्हावे, दुसरी भाषा त्याच्या डोक्यावर लादू नये, असे झाडून सगळ्या पक्षांचे पुढारी सांगत होते. त्यात चुकीचे काही नाही. प्रश्न इतकाच की, ज्यांची मायबोली हिंदीही नाही आणि मराठीही नाही, अशा याच मातीतल्या माणसांची आठवण त्यांच्यापैकी किती जणांना झाली?

फलटण, माण, खटाव, कराड घ्या, नाहीतर जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, मिरज घ्या. गावाच्या कडेला, गायरानात, साखर कारखान्याच्या रस्त्याला कैकाडी, वडार, पारधी, वैदू, घिसाडी, माकडवाले यांच्या वस्त्या दिसतात. ही माणसे बाजारात मराठी बोलतात, कचेरीत मराठी बोलतात, पोरांना मराठी शाळेत घालतात. पण चुलीपाशी आजी नातवाला हाक मारते ती वेगळ्या भाषेत. कैकाड्यांची भाषा तमिळच्या कुळातली आहे. वडारांची तेलुगूच्या जवळची. पारध्यांची गुजराती-भिली वळणाची. म्हणजे सातारा-सांगलीच्या माळावर द्राविडी आणि पश्चिम हिंदुस्थानी अशा दोन्ही कुळांच्या भाषा शेकडो वर्षे शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. हे भाषावैभव अभिमानाने सांगणारा एकही फलक या दोन जिल्ह्यांत कुठे लागलेला नाही. फलक सोडा, या भाषांना भाषा म्हणायलाही आमचे विद्वान तयार नसतात. 'ती बोली आहे, तिला लिपी कुठे आहे?' असा सवाल टाकून ते मोकळे होतात. मराठीची देवनागरी तरी मराठीने कुठे शोधून काढली? कालपरवापर्यंत मराठीचे व्यवहार मोडीत चालत. इंग्रजी रोमन लिपीत लिहिली जाते म्हणून तिला कोणी बोली म्हणत नाही. जिच्या मागे सत्ता ती भाषा, आणि जिच्या मागे पोलीस ती बोली, असाच हा हिशेब आहे.

पोलिसांचा उल्लेख येथे अलंकार म्हणून केलेला नाही. या भाषांचे दस्तऐवजीकरण कधीच झाले नाही अशी समजूत असेल तर ती चुकीची आहे. झाले आहे, आणि शंभर वर्षांपूर्वीच झाले आहे. कोणी केले आणि कशासाठी केले, हे पाहण्यासारखे आहे.

ग्रियर्सनच्या देखरेखीखाली ब्रिटिश सरकारने भारतीय भाषांचे जे प्रचंड सर्वेक्षण केले त्याचा चौथा खंड १९०६ साली निघाला. त्यात कैकाडी तमिळच्या पोटात आणि वडारी तेलुगूच्या पोटात नोंदली आहे. अकरावा खंड १९२२ चा. त्याचे नावच मुळी 'जिप्सी भाषा'. त्यात कोल्हाटी, गारुडी, बेलदारी, भामटी, म्यानवाले अशा बोलींचे नमुने दिले आहेत. पद्धत अशी होती की, बायबलातल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीचे प्रत्येक बोलीत भाषांतर करून घ्यायचे, ठरावीक शब्दांची व वाक्यांची यादी भरून घ्यायची आणि जमल्यास एखादा स्थानिक उतारा जोडायचा. हे काम सरकारी यंत्रणेमार्फत होई. त्यामुळे स्थानिक उतारा म्हणून काय मिळाले असेल? महाराष्ट्रातल्या अनेक बोलींच्या नमुन्यांत आरोपीचा जबाब किंवा साक्षीदाराची जबानी छापलेली आढळते. ज्या माणसाची ओवी, म्हण, पाळणा, मयताचा हंबरडा नोंदवता आला असता, त्याच्याकडून कचेरीने घेतला तो जबाब. ग्रियर्सनच्या विद्वत्तेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. त्याने नोंदवले नसते तर आज एवढेही हाती राहिले नसते. पण बोलणारा माणूस कोणापुढे उभा राहून बोलत होता, हे त्या पानांवरून पुसता येत नाही.

दुसरी नोंद तर उघडउघड पोलिसांचीच आहे. मुंबई इलाख्याच्या पोलीस खात्यातील वरिष्ठ अधिकारी केनेडी याने १९०८ साली इलाख्यातील 'गुन्हेगार वर्गां'वर एक ग्रंथ छापला. त्यात एकेका जमातीची ओळख, पेहराव, फिरण्याच्या वाटा, गुन्ह्याची पद्धत आणि त्याबरोबर तिची बोली व बोलण्यातील खुणा असे रकाने पाडले आहेत. शब्द गोळा करण्याचा हेतू सरळ होता. हवालदाराला कळावे की समोरची माणसे आपसात काय बोलतात. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यापर्यंत पसरला तेव्हा ही माहिती ठाण्याठाण्यात उपयोगी पडली. रोजची हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडायला बंदी, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातली सेटलमेंट. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांनी 'फकिरा'त जे जग उभे केले आणि ती कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, ते जग याच कायद्याच्या छायेतले होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. पण तीन पिढ्या जी भाषा तोंडातून निघाली की शिपायाचे कान टवकारत, ती भाषा एका तारखेला निर्धास्त होईल कशी?

आजही एसटीत, दवाखान्यात, बाजारात पारधी बाई आपल्या लेकराला दबक्या आवाजात मराठीतूनच दटावते. आपल्या भाषेत बोलली तर शेजारची माणसे पिशव्या जवळ ओढतात हे तिला माहीत असते. भाषातज्ज्ञ याला भाषांतर म्हणोत की भाषासंकर म्हणोत, आम्ही याला जातीची दहशत म्हणतो.

जगाच्या दुसऱ्या टोकाला एक उदाहरण घडले आहे, ते आपल्या कार्यकर्त्यांनी बारकाईने वाचावे असे आहे. दक्षिण अमेरिकेच्या अगदी खालच्या टोकाला, चिली आणि अर्जेंटिना यांच्या दरम्यानच्या बेटांवर यागान नावाचे मूलनिवासी राहतात. होडीत हिंडणारे, समुद्रावर जगणारे हे लोक. १८३० च्या दशकात डार्विन तिकडे गेला होता. या प्रदेशातल्या लोकांची भाषा स्पष्ट उच्चारांची म्हणण्याच्या लायकीचीसुद्धा नाही, असे त्याने लिहून ठेवले. पुढे थॉमस ब्रिजेस नावाचा इंग्रज मिशनरी त्यांच्यात राहिला, भाषा शिकला आणि त्याने शब्दकोश केला. त्यात सुमारे ३२,००० शब्द भरले! डार्विनसारख्या थोर शास्त्रज्ञाला जी केवळ घशातली खरखर वाटली तिच्यात एवढी संपत्ती होती. कैकाड्यांच्या बोलण्याला 'काय अरबट-चरबट बोलतात' म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

पण त्या कोशाने भाषा वाचली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला काही हजारांत असलेले यागान गोवरासारख्या रोगांच्या साथींनी आणि गोऱ्यांच्या वसाहतींनी विसाव्या शतकाच्या आरंभी शंभराच्या आसपास उरले. कोश १९३३ साली छापून निघाला तेव्हा तो ज्यांच्या तोंडून गोळा केला ती माणसे केव्हाच गेली होती. क्रिस्तिना काल्देरोन या यागान मातृभाषा म्हणून बोलणाऱ्या शेवटच्या व्यक्ती. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी वयाच्या ९३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. चिली सरकारने २००९ साली त्यांना 'जिवंत मानवी ठेवा' म्हणून गौरवले होते. त्यांनी नातीला बरोबर घेऊन गोष्टी आणि शब्द नोंदवले. त्यांची मुलगी लिदिया गोन्झालेझ चिलीची नवी राज्यघटना लिहिण्यासाठी २०२१ साली बसलेल्या परिषदेवर यागानांची प्रतिनिधी म्हणून निवडून गेली. तो मसुदा पुढे २०२२ च्या सार्वमतात फेटाळला गेला ही गोष्ट निराळी. आपल्याकडे अंदमानात बो भाषा बोलणाऱ्या शेवटच्या वृद्धा बोआ सीनियर २६ जानेवारी २०१० रोजी गेल्या. देशभर प्रजासत्ताक दिनाचे संचलन चालू होते. त्यांची भाषा अन्विता अब्बी यांनी ध्वनिमुद्रित केली आहे, म्हणून ती आज ऐकता तरी येते. बोलायला मात्र कोणी नाही.

कैकाडी किंवा वडारी अजून त्या अवस्थेला पोचलेल्या नाहीत. त्यांना बोलणारी माणसे हजारोंनी आहेत. म्हणूनच आज बोलायचे. कारण या भाषा संपण्याचा वेग वाढला आहे, आणि त्याची कारणे भाषेच्या बाहेर आहेत. कैकाडी निरगुडीच्या फोकांचा, तुराट्यांचा कणगा विणायचा, डालगे विणायचा. कोणता फोक कधी तोडायचा, किती भिजवायचा, बूड कसे धरायचे, याची सगळी परिभाषा त्याच्या भाषेत होती. धान्य कणग्यातून पत्र्याच्या पेटीत आणि प्लास्टिकच्या पोत्यात गेले, तशी ती परिभाषा म्हाताऱ्यांच्या डोक्यात अडकून पडली. वडाराने जाती-पाटे घडवले, विहिरी खोदल्या, धरणांची आणि कालव्यांची माती उपसली. दगडाची शीर कशी ओळखायची यासाठी त्याच्याकडे शब्द होते. पाट्याची जागा मिक्सरने आणि पहारीची जागा जेसीबीने घेतली. माकडवाले, गारुडी, दरवेशी यांचे खेळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापुढे थांबले. कायदा प्राण्यांसाठी आवश्यक होता हे मान्य. पण त्या माणसांना दुसरे पोट कोणी दिले? धंदा मोडला की धंद्याची भाषा मोडते, आणि मग उरते ती फक्त घरातली भाषा. ती शाळा मारते.

मारते हा शब्द कठोर वाटेल. पहिलीत आलेल्या कैकाडी पोराला मास्तरांची मराठी निम्मी कळत नाही. ते गप्प बसते. गप्प बसले की ते मठ्ठ ठरते, मठ्ठ ठरले की मागच्या बाकावर जाते आणि पाचवी-सातवीपर्यंत ऊसतोडीला किंवा वीटभट्टीला लागते. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा आहे. शक्य तेथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावे, असे त्याच्या कलम २९ मध्ये म्हटले आहे. घटनेत १९५६ साली घातलेल्या ३५०-अ कलमातही भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी, असे राज्यांना सांगितले आहे. या तरतुदी मुंबईतल्या गुजराती शाळेला लागू होतात, सोलापूरच्या तेलुगू शाळेला लागू होतात. वडार वस्तीवरच्या पोराला त्या लागू आहेत असे एकाही शिक्षणाधिकाऱ्याला आजवर सुचलेले नाही.

आणि हे तर खुद्द बाबासाहेबांनी सांगून ठेवले आहे. आपली स्वतंत्र भाषा, लिपी किंवा संस्कृती असलेल्या नागरिकांच्या कोणत्याही गटाला ती जतन करण्याचा हक्क आहे, असे घटनेचे २९ वे कलम म्हणते. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत या कलमावर चर्चा झाली तेव्हा बाबासाहेबांनी त्याचा अर्थ उलगडून सांगितला. येथे अल्पसंख्याक म्हणजे केवळ धर्माने अल्पसंख्याक नव्हेत. मद्रासकडची काही माणसे मुंबईत येऊन राहिली, महाराष्ट्रातली काही बंगालात जाऊन राहिली, तर तेथे तीही सांस्कृतिक व भाषिक अर्थाने अल्पसंख्याक ठरतात, आणि हे संरक्षण त्यांना आहे. तमिळच्या कुळातली भाषा घेऊन शतकांपूर्वी साताऱ्यात आलेला कैकाडी या व्याख्येत बसत नसेल तर दुसरे कोण बसेल? ज्या साताऱ्यात ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवाचे नाव सरकारी शाळेच्या पटावर चढले, आणि ज्याला पुढे मुंबईच्या शाळेत संस्कृत नाकारले गेले म्हणून फारसी घ्यावी लागली, त्या माणसाला भाषेच्या दारावरचा पहारा कसा असतो हे कोणी सांगायला नको होते. १९४८ सालच्याच 'अस्पृश्य' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी अस्पृश्यांच्या जोडीला गुन्हेगार ठरवलेल्या जमाती आणि आदिवासी यांचा प्रश्न मांडला आणि अशी माणसे निर्माण करणाऱ्या संस्कृतीला जाब विचारला.

येथे चळवळीतलेच काही मित्र दोन हरकती घेतील. पहिली अशी की, बाबासाहेब 'एक राज्य, एक भाषा' या तत्त्वाचे होते, मग या फाटाफुटीला त्यांचा आधार कसा? त्यांनी १९५५ चे 'भाषावार प्रांतरचनेविषयी विचार' पूर्ण वाचावे. भाषिक राज्यात एक मोठी जात सत्तेवर बसते आणि लहान लहान विखुरलेल्या जाती तिच्या मेहेरबानीवर जगतात, हा धोका त्यांनी त्याच पुस्तकात दाखवला आहे. राज्यकारभाराची भाषा एक असावी म्हणणे वेगळे आणि दुबळ्याच्या घरातली भाषा मिटावी म्हणणे वेगळे. दुसरी हरकत पोटाची आहे. जातीचा दाखला मिळत नाही, घराला जागा नाही, आणि तुम्ही भाषेचे काय घेऊन बसलात? हरकत प्रामाणिक आहे. आमच्या पोरांना इंग्रजी आलीच पाहिजे, त्यात तडजोड नाही. पण भाषेचा आणि दाखल्याचा संबंध नाही असे ज्यांना वाटते त्यांनी कैकाड्यांचेच उदाहरण पाहावे. विदर्भातला कैकाडी अनुसूचित जातीत आहे. साताऱ्यातला, सांगलीतला कैकाडी विमुक्त जातीत आहे. क्षेत्रबंधन नावाच्या या अजब रेषेमुळे एकाच रक्ताची, एकाच धंद्याची माणसे दोन याद्यांत फाटली. ती एकच आहेत याचा चालताबोलता पुरावा कोणता? दोन्हीकडच्या म्हातारीच्या तोंडातली भाषा. हा पुरावा कागदावर यायला हवा असेल तर आधी जनगणनेत ती भाषा दिसली पाहिजे.

जनगणनेची स्थिती काय आहे? १९६१ साली १,६५२ मातृभाषांची यादी प्रसिद्ध झाली होती. १९७१ पासून दहा हजारांपेक्षा कमी भाषिक असलेल्या भाषा यादीत दाखवणे बंद झाले. २०११ साली लोकांनी सांगितलेली मातृभाषांची नावे १९,५६९ भरली. ती चाळून, जुळवून १,३६९ केली गेली आणि शेवटी देशाच्या भाषा म्हणून उरल्या १२१. या चाळणीत कैकाडीची आणि कोरवाची गणती तमिळमध्ये झाली, वडारीची तेलुगूत, पारधीची भिलीत आणि बंजाऱ्यांच्या लमाणीची हिंदीत! उत्तर हिंदुस्थानातली हिंदी फुगवायला महाराष्ट्रातला तांडा उपयोगी पडतो. आणि ज्यांनी प्रगणकापुढे नुसते 'मराठी' म्हटले, ते तर कोणत्याच पोटरकान्यात नाहीत.

डेक्कन कॉलेज व राज्य मराठी विकास संस्थेने मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण हाती घेतले, ते स्तुत्य आहे. परंतु कैकाडी ही मराठीची बोलीच नव्हे, तेव्हा तिचे काम त्याने भागत नाही. केंद्राची लुप्तप्राय भाषांची योजना २०१३ ची. ती दहा हजारांहून कमी भाषिकांच्या भाषांसाठी. कैकाडी आकड्याने तिच्यातही बसत नाही. म्हणजे मरायला टेकल्याशिवाय मदत नाही. त्यातल्या त्यात मोलाचे काम गणेश देवी यांच्या लोकसर्वेक्षणाने केले. २०१३ साली अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली निघालेल्या महाराष्ट्राच्या खंडात भटक्या-विमुक्तांच्या भाषांना जागा मिळाली. त्याच्याही आधी, १९८० साली, फलटण तालुक्यातून आलेल्या लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'ने कैकाड्याचे जगणे पहिल्यांदा कैकाड्याच्याच हातून कागदावर आणले. पण ते मराठीत लिहावे लागले. वाचणारे मराठीच होते. कैकाडीतले गाणे, कैकाडीतली जातपंचायत, कैकाडीतला शिवाशाप यांची नोंद अजून तोंडातोंडीच आहे.

१६ जून २०२५ रोजी केंद्राने नव्या जनगणनेची अधिसूचना काढली. गणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, आणि ३० एप्रिल २०२५ च्या निर्णयानुसार या वेळी प्रत्येकाची जातही विचारली जायची आहे. जात आणि मातृभाषा एकाच कागदावर, एकाच माणसासमोर येण्याची ही संधी १९३१ नंतर पहिल्यांदा येते आहे. आपला अनुभव असा की, प्रगणक बहुधा शाळेतले गुरुजी असतात, वस्तीवर उन्हात उभे असतात आणि मातृभाषेच्या ओळीत न विचारताच 'मराठी' लिहून पुढे सरकतात. तेव्हा त्या दिवशी वस्तीवर आपला एक शिकलेला मुलगा हजर हवा. भाषेचे नाव सगळ्यांनी एकच सांगायला हवे. कोणी कैकाडी, कोणी कोरवी, कोणी कुंचीकोरवी, कोणी 'आमची बोली' असे सांगितले की आकडा चार ठिकाणी फुटतो आणि दहा हजारांच्या उंबऱ्याखाली जातो. हे ठरवण्याचे काम मंत्रालयाचे नव्हे, ते समाजाच्या बैठकीत व्हायचे आहे. फलटण, कराड, मिरज, जत येथल्या संघटनांनी गणनेच्या आधी एकत्र बसून ते करावे.

ध्वनिमुद्रणासाठी आता कोणा साहेबाची वाट पाहायला नको. मोबाइल प्रत्येक पालावर पोचला आहे. कणगा विणता विणता म्हातारीला बोलते करावे, दगड फोडणाऱ्या वडाराला त्याच्या हत्यारांची नावे विचारावीत, आणि शब्दांचा अर्थ त्याच वस्तीतल्या पोराने लिहून घ्यावा. शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत हे दोन्ही जिल्हे येतात. विद्यापीठाने यंत्रे, जागा आणि शिष्यवृत्ती द्यावी. मूळ प्रत मात्र वस्तीकडे राहावी, आणि कोणते शब्द बाहेर द्यायचे व कोणते नाही हे वस्तीनेच ठरवावे. केनेडीच्या पुस्तकात गेलेले शब्द कोणाच्या कामी आले ते पारध्यांच्या म्हाताऱ्यांना अजून आठवते. वस्तीवर नवा माणूस वही घेऊन आला की ते पहिल्यांदा विचारतात, 'कोणत्या ठाण्याचे?'